आईचा कोप आणि आईची माया

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही कोणी पंडित नव्हे. मॅट्रिक झालो, शिक्षक झालो आणि खेड्यापाड्यांतील शाळांत मुलांना बाराखडी गिरवून देता देता निवृत्त झालो. विद्वानांनी भूषविलेल्या या जागी उभे राहून काय सांगावे, असा आम्हांला प्रश्न पडला. परंतु त्याच सुमारास घरी एक लहानसा प्रसंग घडला आणि विषय आपण होऊन पुढे आला.

आमची नात इयत्ता चौथीत शिकते. आम्ही अंगावर पाणी घेत असता आमच्या दंडावरील दोन गोल वण तिने पाहिले आणि विचारले, "आजोबा, हे कसले डाग?" आम्ही सहज म्हणालो, "देवी काढल्याची खूण आहे, बाळ." त्यावर ती म्हणाली, "देवी काढतात? देवीची तर पूजा करतात ना?"

मुलीच्या शंकेने आम्ही थबकलो. पन्नाशीच्या पुढील आपणां सर्वांच्या कानांवरून 'देवी येणे', 'देवी काढणे', 'देवीचे वण' हे शब्द हजार वेळा गेले असतील. तथापि ज्या रोगाने घरोघरची मुले नेली, त्या रोगास आपल्या पूर्वजांनी राक्षसाचे नाव न देता देवीचे नाव का दिले, आणि तिला आई का म्हटले, याचा विचार आम्ही तरी कधी केला नव्हता. तो विचार यथामति आपणांपुढे ठेवीत आहो.

उग्र मातेची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य, ज्याला आपण सप्तशती म्हणतो, त्याचे तेरा अध्याय नवरात्रात कित्येक घरी वाचले जातात. त्यात महिषासुराचा वध आहे. अंबिकेच्या क्रोधाने काळवंडलेल्या कपाळातून प्रकट झालेली काली आहे, आणि चंड व मुंड यांना मारून चामुंडा हे नाव मिळविणारीही तीच आहे. रक्तबीजाची कथा तर प्रसिद्धच आहे. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून तसाच दुसरा असुर उभा राही. शेवटी कालीने मुख पसरून प्रत्येक थेंब वरच्यावर प्राशन केला, तेव्हा तो आटोपला. आम्ही शाळेत साथीच्या रोगांचा धडा शिकवीत असू, तेव्हा आम्हांला ही कथा नेहमी आठवे. एका रोग्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून चौथा. थेंब खाली पडू न देणे हाच तेथेही उपाय.

याच ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात एक विलक्षण विचार आला आहे. जी देवी चांगल्या काळी घरात लक्ष्मी होऊन नांदते, तीच पडत्या काळी अलक्ष्मी होते, आणि तीच वेळ आली असता महामारीचे रूप घेते, असे तेथे सांगितले आहे. पोसणारी एक आणि मारणारी दुसरी अशी वाटणी ग्रंथकाराने केली नाही. आमच्या मते शीतला आणि मरीआई यांचे मर्म येथेच आहे.

शीतलेचे ध्यान आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. गाढव हे तिचे वाहन, एका हाती केरसुणी, दुसऱ्या हाती पाण्याचा कलश, आणि मस्तकावर सूप. अंगावर दागिना नाही, वस्त्रही नाही. कोठे ती सिंहारूढ दुर्गा आणि कोठे ही गाढवावर बसलेली देवता! परंतु नीट पाहिले असता ही सारी आपल्या स्वयंपाकघरातील आणि अंगणातील साधने आहेत. केरसुणी घाण काढते, सूप निवडते, कलशातील पाणी दाह शमविते. नावही 'शीतला', म्हणजे निवविणारी. जिच्या येण्याने अंग तव्यासारखे तापते, तिलाच थंडावा देणारी म्हणून हाक मारावयाची! बंगालात तिच्या नावाची मंगलकाव्ये रचली गेली. आपल्याकडे मुंबईच्या माहीमला आणि पालघर जिल्ह्यातील केळव्याला तिची देवळे आहेत. दक्षिणेत तमिळ देशी हेच कार्य मारियम्मनकडे आहे आणि तिचेही झाड कडुलिंबच.

श्रावण शुद्ध सप्तमीस आपल्या भगिनी शीतलेचे व्रत करतात. आदल्या दिवशी रांधून ठेवावयाचे, त्या दिवशी चूल थंड ठेवून तिची पूजा करावयाची आणि शिळे अन्न खावयाचे. या व्रताची कहाणी आपण लहानपणी ऐकली आहे. तळे बांधले पण पाणी लागेना. जलदेवतांनी सुनेचा वडील मुलगा मागितला. तो दिला, आणि तळे भरले. पुढे त्या माउलीने तळ्याकाठी मनोभावे पूजा केली, तेव्हा तोच मुलगा पाण्यातून येऊन तिला बिलगला. घेणारीही तीच आणि परत देणारीही तीच. ज्या काळी दर घरी पाळणा हलत असे आणि दर घरी एखादा पाळणा रिकामाही होत असे, त्या काळच्या बायकांनी ही कहाणी कोणत्या मनाने ऐकली असेल, याची कल्पना आज आपण पुरती करू शकणार नाही.

आम्हांला मात्र ती थोडी करता येते.

सन १९६६ची गोष्ट. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. गावात देवी टोचणारा सरकारी माणूस आला. शाळेत गुरुजींनी आम्हां मुलांना रांगेत उभे केले आणि पळावयास वाव न मिळाल्यामुळे आमच्या दंडावर खुणा उमटल्या. आमची थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, ती अकरा वर्षांची होती आणि शाळा सोडून घरी होती. टोचणारा आळीत शिरला असे कळताच आजीने तिला माळ्यावर कडब्याच्या पेंढ्यांमागे बसविले आणि दारात येऊन सांगितले, "मुलगी मामाच्या गावी गेली आहे." तान्हेपणीही आजीने तिला असेच लपविले होते.

आजीस अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तिने आपल्या माहेरी टोचलेल्या एका मुलाचा हात पिकून सडलेला पाहिला होता. शिवाय, देवी यायची ती आपल्या वेळेने येईल, तिला सुई लावून डिवचू नये, अशी तिची श्रद्धा होती. नातीवरील मायेनेच तिने नातीस लपविले. मायेनेच घात झाला, असे म्हणावयाचे ते यासाठी.

त्याच वर्षी फाल्गुनात आक्कास ताप भरला आणि चौथ्या दिवशी अंगावर फोड दिसू लागले. घराची रीतच पालटली. आजार झाला असे कोणी म्हणेना. देवी आल्या, असे म्हणावयाचे. दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले. परक्यास आत येण्याची बंदी झाली. फोडणीचा वास घरात येऊ द्यावयाचा नाही, वडिलांनी दाढी करावयाची नाही, मोठ्याने बोलावयाचे नाही. आक्कास लिंबाच्या पाल्यावर निजविले होते. आजी तिच्या उशाशी बसून अहोजाहोने बोले, "बया, दमानं घ्या. पोर लहान आहे." आपल्याच नातीच्या देहात आलेल्या पाहुणीची ती अशी विनवणी करीत होती. आम्ही उंबऱ्याबाहेरून पाहत होतो. तो आवाज अद्याप आमच्या कानांत आहे.

आक्का वाचली. न टोचलेल्या रोग्यांपैकी शंभरात सुमारे तीस दगावत. त्या तिसांत ती गेली नाही, परंतु डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि चेहरा वणांनी भरला. दहीभाताचा नैवेद्य दाखवून देवीस निरोप दिला, त्या दिवशी आजी एक शब्दही बोलली नाही. मरेपर्यंत तिने आक्काच्या केसांना तेल लावण्याचे काम दुसऱ्या कोणास करू दिले नाही.

पुढे काय झाले हे ज्ञातीतील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. स्थळे आली आणि मुलगी पाहून, पोहे खाऊन परत गेली. शेवटी दोन मुलांच्या एका बिजवराशी तिचे लग्न लागले. रोग देवीचा असेल, परंतु परत जाणारी पावले माणसांचीच होती, आणि ती बहुतेक आपल्याच ज्ञातीतील होती. हे येथे सांगताना आम्हांला संकोच वाटतो, पण न सांगणे अधिक वाईट.

आता या साऱ्या रीतीकडे शांतपणे पाहू. रोग्यास वेगळे ठेवणे, परक्याची ये-जा थांबविणे, घर शांत व स्वच्छ राखणे, हलका आणि थंड आहार देणे, यांत शहाणपण होते. औषध नव्हते तेव्हा सेवा होती, आणि ती भक्तीच्या नावाने होत असल्यामुळे तीत कुचराई होत नसे. एवढेच काय, देवीची भक्ती आणि टोचणे यांचे वैर होते असेही नाही. जेनरच्या आधी बंगालात टीकादार म्हणून मंडळी असत. ते मोसमापूर्वी गावोगाव हिंडत, मागील साली ठेवलेली फोडांतील लस दंडावर ओरखडून लावीत आणि पथ्य व पूजा सांगत. हॉलवेल नावाच्या इंग्रज वैद्याने सन १७६७मध्ये याचे वर्णन लिहून प्रसिद्ध केले आहे. ती पद्धत धोक्याची होती, कारण लस खऱ्या देवीचीच असे. सन १७९६मध्ये जेनरने गाईच्या देवीची लस योजून तो धोका टाळला, आणि बगदाद-बसऱ्याच्या वाटेने ती लस सन १८०२च्या जून महिन्यात मुंबईस पोचून एका तीन वर्षांच्या मुलीस प्रथम टोचली गेली. एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती हातोहात आली.

तरीसुद्धा रोग हटण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. सन १९७४मध्ये आपल्या देशात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रोगी झाले आणि ३१ हजारांहून अधिक माणसे गेली. मग आरोग्यसेवक देवी आलेल्या मुलाचे चित्र हाती घेऊन दारोदार फिरले. रोगी दाखविणाऱ्यास पुढे पुढे एक हजार रुपयांचे इनाम लागले. सन १९७५मध्ये देशातील अखेरचा रोगी नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाने संपूर्णपणे निपटून काढलेला माणसाचा हा एकच रोग आहे. आमच्या नातीला 'देवी काढणे' हा शब्द कळला नाही, याहून मोठा आनंद तो कोणता?

आता मरीआईकडे वळू. ही पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची माता. गावाच्या शिवेवर, बहुधा लिंबाखाली, शेंदूर माखलेला तांदळा हेच तिचे ठाणे. तिचा भक्त पोतराज आपण पाहिला असेल. कमरेस खणांचा घागरा, कपाळी मळवट, वाढविलेले केस आणि हाती कोरडा. त्याची बाई मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेऊन ढोलके वाजविते आणि तो आपल्याच उघड्या अंगावर कोरडे ओढून घेतो. कित्येक ठिकाणी त्याला कडकलक्ष्मी म्हणतात. साथ आली की गावकरी मरीआईचा गाडा काढीत. गाड्यात देवीचे साहित्य भरून तो वाजतगाजत शिवेपर्यंत न्यावयाचा आणि पलीकडच्या हद्दीत सोडून मागे न पाहता परतावयाचे. मग त्या गावाने तो पुढच्या गावी ढकलावयाचा.

येथे मात्र आमची श्रद्धा अडखळते. आपली पीडा शेजाऱ्याच्या शिवेत सोडणे ही आईची पूजा कशी म्हणावी? शेजारच्या गावची लेकरे तिची नव्हेत काय? दुसरे असे की, हे पोतराज बहुधा मातंग, महार अशा गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजांतील असत. गावाने आपले भय त्यांच्या पाठीवर लादले. कोरडा त्यांच्या अंगावर आणि निर्धास्त झोप आमची.

यासंबंधी आमच्याकडून घडलेला एक अपराध कबूल करावयाचा आहे. सन १९८४च्या सुमारास आमच्या वर्गात एका पोतराजाचा मुलगा दाखल झाला. त्याला मरीआईस वाहिलेला असल्यामुळे केसांस कात्री लागलेली नव्हती. मुले त्याच्या जटा ओढीत. काही पालकांनी, आणि त्यांत आपले ज्ञातिबांधवही होते, आम्हांस सुचविले की, त्याला जरा निराळे बसवावे. आम्ही वाद नको म्हणून त्याला दाराजवळ बसविले आणि वारा लागतो म्हणून बसविले, अशी मनाची समजूत घातली. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. आम्ही हजेरीपटावरील त्याच्या नावावर रेघ ओढली, पण त्याच्या घरी गेलो नाही. चार-पाच वर्षांनी तो आठवड्याच्या बाजारात दिसला. कमरेस घागरा, हाती कोरडा. आम्हांला पाहताच कोरडा पाठीमागे लपवून त्याने "नमस्कार, गुरुजी" म्हटले. लाज आम्हांस वाटावयाची, ती त्याला वाटली. मरीआईच्या कोपाची भीती आम्हांला कधी वाटली नाही. परंतु त्या मुलाच्या नमस्काराची आठवण आजही बोचते.

पटकीचे खरे कारण शिवेवर नव्हते, पाण्यात होते. सन १८५४मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने एका पंपाचे पाणी साथीस कारण असल्याचे दाखविले. सन १८८४मध्ये रॉबर्ट कॉख याला कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात तो जंतू सापडला. सन १९५९मध्ये त्याच शहरातील शंभुनाथ डे यांनी या जंतूचे विष कसे काम करते ते सिद्ध केले. आणि सन १९७१मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी, बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महलनबीश यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते रोग्यांस पाजण्याचे धाडस केले. शंभरात तीसपर्यंत होणारे मृत्यू चारांच्या आत आले. त्या छावणीत हे पाणी पाजीत कोण होते? रोग्यांची आप्तमंडळी, त्यांत मुलांच्या आयाही. आईच्याच हातचे पाणी. शीतलेच्या हातातील कलशाचा अर्थ आम्हांला हे वाचले त्या दिवशी नव्याने कळला.

सन २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपण सर्वांनीच महामारी डोळ्यांनी पाहिली. आपल्या मंडळातील घरेही तीतून सुटली नाहीत. त्या काळी कोइमतूरकडे कोरोनादेवीची मूर्ती स्थापन झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली आणि पुष्कळांनी हसून पान उलटले. आम्हांला हसू आले नाही. भ्यालेले लेकरू आईस हाक मारते, तशीच ती हाक होती. हसावयाचेच, तर देवीस हाक मारून पुन्हा शेजाऱ्याच्या दारास बाहेरून कडी घालणाऱ्यांस हसावे. तसे प्रकारही आपण पाहिले.

त्या सालची लस निघाली, तेव्हा आक्का सहासष्ट वर्षांची होती. तिच्या गल्लीतील बायका कचरत होत्या. ती पहाटे उठून केंद्रावर गेली, टोचून घेतले, आणि घरोघर जाऊन एकेकीस म्हणाली, "माझ्याकडं बघा, आणि मग ठरवा." दुसरे काहीच तिला सांगावे लागले नाही. त्याच वर्षी श्रावणात तिने नेहमीप्रमाणे चूल थंड ठेवून सप्तमीही केली. आम्ही तिला विचारले, "आक्का, तुझा डोळा जिनं नेला तिलाच नैवेद्य?" ती म्हणाली, "आई रागावली म्हणून कुणी आईला घराबाहेर काढतं का? पण तिला राग येईल असं आपण वागू नये. घाण पाणी पाजायचं, पोरांना टोचायचं नाही, आणि मग आई कोपली म्हणायचं, हे काही खरं नाही."

आम्ही आयुष्यभर पुस्तके वाचली. परंतु सप्तशतीच्या बाराव्या अध्यायाचा याहून चांगला अर्थ आम्हांला कोठे मिळाला नाही.

तात्पर्य, बंधुभगिनींनो, उग्र मातेची पूजा टाकावी असे आमचे म्हणणे नाही. तिच्या उग्रपणात एक सत्य आहे. जे जीवन पोसते तेच निष्काळजीपणास क्षमा करीत नाही, हे ते सत्य होय. टाकावयाचे ते तिच्या नावाने चाललेले भय आणि अन्याय. वणांचा चेहरा पाहून परत फिरणारी पावले, दाराजवळ बसविलेला मुलगा, शेजारच्या शिवेत ढकललेला गाडा. यांतले काहीही आईने मागितले नव्हते.

शेवटी मंडळास एक विनंती. शीतला सप्तमीच्या दिवशी आपल्या बहुतेक घरी चूल थंड असते आणि भगिनींना थोडी उसंत असते. त्या दिवशी मंडळाच्या सभागृहात लहान मुलांची लसीकरणाची कार्डे तपासण्याची व्यवस्था करावी. राहिलेल्या मुलांची यादी करून त्यांस दवाखान्यात पोचवावे. ही यादी आपल्या ज्ञातीपुरती ठेवू नये, आसपासच्या वस्त्यांतील मुलेही तीत घ्यावीत, कारण रोग जात विचारीत नाही आणि आईही विचारीत नाही. लेखनिकाचे काम करण्यास आम्ही तयार आहो. अक्षर अजून बरे आहे.